घरातील बोडी

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा असे म्हणतात. जिल्ह्याचा मोठा नकाशा उघडून पाहिला तर वैनगंगेच्या दोन्ही अंगांस निळ्या ठिपक्यांची जणू रांगोळी घातलेली दिसते. हे तलाव बहुतांशी निसर्गाने दिलेले नाहीत. ते माणसांनी बांधलेले आहेत. गोंड राजांच्या काळी कोहळी समाजातील कुशल शेतकऱ्यांनी ठिकठिकाणी पाळी घालून पाणी अडविले आणि जो तलाव बांधील त्याला तलावाखालची जमीन कसावयास मिळे, असे जुनी माणसे सांगतात. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात आले. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली व तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ हे नाव पडले आणि लोकांनी त्याचे सुटसुटीत ‘मामा तलाव’ करून टाकले.

मोठ्या तलावांची कीर्ती सर्वांच्या कानी असते. परंतु शेताच्या वरच्या अंगाला असलेल्या लहानशा बोडीकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. बोडी म्हणजे एका कुटुंबाचा तलाव. पावसाळ्यात जे पाणी उतारावरून उगीच वाहून गेले असते, तेच थोडेथोडे अडवून बोडीत साठवावयाचे आणि धान निसवण्याच्या वेळी पावसाने दडी मारली की बांधीत सोडावयाचे, एवढेच तिचे काम. बोडी एका दिवसात भरत नाही व तिच्यासाठी कर्जही काढावे लागत नाही. शिवाय तिच्यातील पाणी दरवर्षी वापरले जाते आणि दरवर्षी नवे येते.

अशी एक बोडी प्रत्येक घरात असावी. आमच्या मनातली बोडी धान्याची, पिण्याच्या पाण्याची आणि चार किरकोळ वस्तूंची आहे. वाण्याचे दुकान कोपऱ्यावर आणि नळ अंगणात असताना हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न तुम्हांला पडेल. त्याचे उत्तर वैनगंगेनेच दिलेले आहे.

२०२० सालच्या ऑगस्टच्या अखेरीस मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली. वैनगंगा उगम पावते ती तेथील सिवनी जिल्ह्यात. त्याच जिल्ह्यात भीमगड येथे तिच्यावर संजय सरोवर हे धरण आहे. ते भरल्यामुळे पाणी खाली सोडावे लागले. पेंच नदीवरील तोतलाडोहाचे दरवाजेही उघडावे लागले. पेंचेचे पाणी कन्हानेत येते आणि कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेस मिळते. खाली पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाचे तेहतीसच्या तेहतीस दरवाजे उघडले गेले. भंडारा शहराच्या सखल भागांत व नदीकाठच्या असंख्य गावांत पाणी शिरले. खाली ब्रह्मपुरी आणि गडचिरोलीकडेही हाहाकार उडाला. देशभर कोरोनाची साथ चालू असतानाच हे संकट आले. या पुराचा एक विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आपल्या अंगणात पाऊस किती पडला यावरून नदी किती चढेल याचा अंदाज बांधता येत नाही. आभाळ उघडले म्हणून निर्धास्त झोपावे आणि शंभर कोसांवर पडलेला पाऊस पहाटे उंबऱ्याशी यावा, असे या नदीकाठी घडू शकते.

आता पुरात काय होते ते क्रमाने पाहू. प्रथम वीज जाते. कधी तारा तुटतात, तर कधी अपघात टाळण्यासाठी ती मुद्दाम बंद करावी लागते. वीज गेली की नळयोजनेचा पंप थांबतो आणि पंप थांबला की टाकी रिकामी होते. रस्त्यावर पाणी आल्याने टँकर येऊ शकत नाही. विहिरी व हातपंप गढूळ पाण्याखाली बुडतात. अशा रीतीने चोहीकडे पाणीच पाणी असताना घोटभर पिण्याच्या पाण्यासाठी माणूस व्याकूळ होतो. भूक दोन दिवस सोसवते. तहान सोसवत नाही. आणि तहानेने घाबरून पुराचे पाणी तोंडाला लावले तर हगवण, कावीळ, विषमज्वर यांना आमंत्रण दिल्यासारखे होते. पूर ओसरल्यावर गावोगाव जी साथ पसरते तिचे मूळ बहुधा या एका पेल्यात असते.

म्हणून साठ्यात पहिला मान पाण्याचा. माणसाला केवळ पिण्यासाठी दिवसाकाठी सुमारे तीन लिटर पाणी लागते. स्वयंपाक आणि हाततोंड धुणे धरले तर किमान पाच लिटर धरावे. घरात पाच माणसे असतील आणि मदत पोचण्यास तीन दिवस लागतील असे मानले, तर पाच गुणिले पाच गुणिले तीन, म्हणजे पंचाहत्तर लिटर पाणी हवे. हा आकडा ऐकून दचकण्याचे कारण नाही. आपल्याकडील मोठ्या गुंडात साधारण पंधरा लिटर पाणी मावते. तेव्हा पाच गुंड भरून ठेवले की तीन दिवसांची तजवीज झाली. भंडारा तर पितळी भांड्यांसाठी नावाजलेले शहर. जुन्या घरांच्या माळ्यावर आजीच्या लग्नातले गुंड आणि हंडे धूळ खात पडलेले असतात. ते खाली काढावेत, चिंचेने लख्ख घासावेत व कामास लावावेत. नवी टाकी विकत घेण्याचा विचार त्यानंतर.

भांडी पुरेशी नसतील तर खाद्यतेलाचे रिकामे कॅन चालतात. मात्र ते गरम पाण्याने व साबणाने धुऊन तेलाचा वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात ठेवावेत. पाणी भरल्यावर मात्र ते सावलीतच असावेत. एक गोष्ट येथे निक्षून सांगितली पाहिजे. ज्या डब्यात पूर्वी कीटकनाशक, तणनाशक किंवा रॉकेल होते, तो डबा कितीही धुतला तरी पाण्यासाठी कदापि वापरू नये. शेतकऱ्याच्या घरी असे डबे पुष्कळ असतात आणि ते दिसण्यात चांगले मजबूत असतात, म्हणूनच हा इशारा.

भांड्यात हात बुडवू नये. पाणी ओगराळ्याने काढावे. स्वच्छ पाणी घरात आल्यावर बिघडते ते बहुधा आपल्याच बोटांनी. तोंडावर झाकण हवे आणि झाकण नीट बसत नसेल तर सुती फडके बांधावे. याचे कारण केवळ धूळ नव्हे. डेंग्यूचा प्रसार करणारा डास घाण डबक्यापेक्षा घरातील साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालणे पसंत करतो आणि अंड्यापासून डास उडून जाईपर्यंत आठदहा दिवस पुरतात. यासाठी आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळावा, असे आरोग्य विभाग सांगत असतो. त्या दिवशी भांडी रिकामी करून, आतून घासून, कोरडी करून पुन्हा भरावयाची. जुने पाणी फेकून देण्याची गरज नाही. ते धुण्यास, गुरांना किंवा परसातील वांग्या-मिरच्यांना घालावे. साठा म्हणजे वर्षानुवर्षे बंद करून ठेवलेले पाणी नव्हे. बोडीप्रमाणे त्याला आत येण्याची व बाहेर जाण्याची वाट असली पाहिजे.

भांडी घासण्यासारख्या वरकामाच्या पाण्यासाठी पावसाचाच उपयोग का करू नये? गणिताच्या तासाला तुम्ही शिकला असाल की, एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद अशा कवेलूच्या छपरावर वीस मिलिमीटरची एक सर पडली, तर हजार लिटर पाणी पडले. शिंतोडे व गळती वजा जाता सात-आठशे लिटर तरी वळचणीवरून खाली येते. वळचणीला पन्हळ लावून ते एका पिंपात घेतले की झाले. पहिली दहा मिनिटे पाणी वाहून जाऊ द्यावे. त्याबरोबर छपरावरील पालापाचोळा आणि पाखरांची विष्ठा जाते. हे पाणी गाळून व उकळूनच प्यावे, एरवी वरकामाला ठेवावे.

पाणी शुद्ध करण्याचे उपाय अनेक आहेत. त्यांत थोडा गोंधळही आहे. गढूळपणा जाणे आणि रोगजंतू मरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वी घरोघर निवळीची बी माठाच्या आतून उगाळून पाणी निवळीत. तुरटी फिरवण्याची चाल अजूनही आहे. यांनी माती तळाशी बसते व पाणी काचेसारखे दिसू लागते. पण काचेसारख्या दिसणाऱ्या पाण्यातही जंतू असू शकतात. म्हणून निवळलेले पाणी चौपदरी फडक्यातून गाळून घ्यावे आणि मग उकळावे. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिटभर ती टिकू द्यावी, तेवढ्याने रोगजंतू नष्ट होतात. सरपण नसेल तर क्लोरीनची गोळी वापरावी. अर्ध्या ग्रॅमची एक गोळी वीस लिटर पाण्याला पुरते. ती विरघळल्यावर अर्धा तास वाट पाहावी. गोळ्या निरनिराळ्या आकारांच्या मिळतात, तेव्हा पाकिटावर छापलेले प्रमाण वाचल्यावाचून टाकू नये. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातील पुष्कळ जंतू मरतात, हे प्रयोगांनी दिसून आले आहे. तथापि पुराच्या पाण्यावर तेवढ्याने विसंबणे धोक्याचे आहे. पूर येण्याआधी चांगले पाणी भरून झाकून ठेवले असेल, तर यांतील काहीच करावे लागत नाही. शुद्ध करण्यापेक्षा साठवणे स्वस्त, ते याच अर्थाने.

आता धान्याकडे वळू. गरीब घरात महिन्याचे धान्य महिन्याला पुरताना नाकी नऊ येतात, तेथे जास्तीचे कोठून आणावयाचे? यावर आपल्या आयाबहिणींनी फार पूर्वीच तोड काढली आहे. रोज तांदूळ धुण्यास घेताना त्यातील एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकावयाची. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी सातारा भागात गरीब विद्यार्थ्यांची वसतिगृहे चालविली, तेव्हा गावोगावच्या स्त्रियांनी अशीच रोजची मूठ बाजूस काढून दिली. त्याला ‘मुष्टिफंड’ म्हणत. एका मुठीत किती तांदूळ मावतो? तराजूत घालून पाहा; मोठ्या माणसाच्या मुठीत साधारण पन्नास ग्रॅम भरतील. पाच माणसांना दरडोई चारशे ग्रॅमप्रमाणे तीन दिवसांसाठी सहा किलो तांदूळ लागतो. पन्नास ग्रॅमच्या एकशेवीस मुठी म्हणजे सहा किलो. दिवाळीच्या सुमारास नवे धान घरात येते, तेव्हा पहिली मूठ टाकली तर होळीच्या आसपास तांदूळ पुरा होतो. मग मृग लागेपर्यंत त्याच मडक्याशेजारी दुसरे ठेवून रोज अर्धी मूठ डाळ टाकावी. घरखर्चाला कसलीही ओढ न लागता पावसाळ्याआधी साठा तयार असतो.

परंतु पुराच्या घरात चूल पेटेलच असे नाही. ओल्या सरपणाने धूर होतो, भात होत नाही. यासाठी न शिजवता खाता येतील असे पदार्थ हाताशी हवेत. त्याबाबत आपला जिल्हा दरिद्री नाही. धानाचे पोहे आणि मुरमुरे, फुटाणे, गूळ, भाजून दळलेले सातूचे पीठ ही तर सर्वत्र मिळतात. शिवाय आमच्या तलावांत शिंगाडे पिकतात. वाळवून त्यांचे पीठ केले तर ते बराच काळ टिकते. उन्हाळ्यात वाळवलेली मोहफुले जंगलाकाठच्या गावांत घरोघर असतात. मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा एवढ्यावर एक वेळ निभावते, हे शेतावर जाणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

धान्याच्या साठ्यात एकाच जिनसावर भिस्त ठेवू नये, हे सांगताना लाखोळीची आठवण होते. धान कापणीस येण्यापूर्वी बांधीतल्या ओलीवर लाखोळी फेकून पेरण्याची आपल्याकडे पद्धत आहे. हे पीक इतके काटक की दुष्काळातही ते हाती लागते. आणि तेथेच घात होतो. इतर काही नाही म्हणून ज्यांनी महिनोन्‌महिने मुख्यतः लाखोळीच खाल्ली, त्यांच्यापैकी कित्येकांचे पाय कायमचे लुळे पडले. त्या बीमधील एक द्रव्य मज्जातंतूंना बाधते. विषांश कमी असलेली वाणे आता निघाली आहेत आणि डाळ भरपूर पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिल्यासही दोष कमी होतो. तरीसुद्धा मडक्यात तूर, मूग, हरभरा यांची सरमिसळ असणेच श्रेयस्कर.

किडीपासून जपणूक कशी करावी? तांदळापेक्षा धान अधिक टिकते, कारण तूस हे त्याचे कवच आहे. ज्यांच्या घरी कणगी आहे त्यांनी पावसाळ्यापुरते थोडे धान तसेच राखावे. दाणा दाताखाली धरल्यावर कट्‌ आवाज करून तुटला तर तो वाळला असे समजावे. नुसता चेपला तर आणखी दोन उन्हे द्यावीत. डाळीला एरंडेलाचा पुसट हात द्यावा, डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा. आणि पाण्याचा जो नियम तोच येथेही पाळावा: जुने आधी खावे, नवे मागे ठेवावे. जपून ठेवलेले धान्य जपता जपता जाळी धरून जाते, असे आम्ही अनेक घरांत पाहिले आहे.

किरकोळ वस्तूंचा एक पत्र्याचा डबा असावा. त्यात काडेपेटी, मेणबत्त्या, विजेरी, दोरी, जखमेची पट्टी, घरातील वृद्धांची नेहमीची औषधे आणि मीठ-साखर ठेवावी. मीठ-साखर यासाठी की, कोणाला हगवण लागली तर एक लिटर शुद्ध पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा विरघळवून ते पाणी घोटघोट पाजता येते. चमचा चहाचा घ्यावा. मीठ जास्त झाल्यास, विशेषतः तान्ह्या मुलाला, उपायाचाच अपाय होतो. शिधापत्रिका, सातबारा, आधारपत्र, बँकेचे पुस्तक ही कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्याच डब्यात ठेवावीत. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८ आणि पोलिसांसह सर्व मदतीचा ११२ हे क्रमांक झाकणाच्या आतल्या बाजूस लिहावेत. मोबाईलमध्ये ते असतातच, पण मोबाईलची वीजही संपते.

हा सर्व साठा जमिनीवर मांडलेला असेल तर पूर त्याला सर्वांआधी गाठील. जाणत्या माणसांना विचारून मागच्या पुराची खूण भिंतीवर कोठवर आली होती ते पाहावे आणि त्याच्याही वर फळी मारावी. घर सोडून जाण्याची सूचना आली तर मात्र गुंडांचा व मडक्यांचा मोह धरू नये. डबा, एक पाण्याचा कॅन आणि पोह्यांची पिशवी उचलून निघावे.

पूर ओसरल्यावर एक काम उरते, ते विहिरीचे. ते एकट्या घराचे नसून साऱ्या आळीचे आहे. बुडालेली विहीर आधी उपसावी, गाळ काढावा, नवे पाणी भरू द्यावे आणि मग तिच्यात विरंजक चूर्ण टाकावे. गावात याला टीसीएल म्हणतात आणि ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ते देतो. किती टाकावयाचे याचे साधे गणित आहे. विहिरीचा व्यास दोन मीटर आणि पाण्याची खोली चार मीटर असेल, तर ३.१४ गुणिले एक गुणिले एक गुणिले चार, म्हणजे १२.५६ घनमीटर, अर्थात १२,५६० लिटर पाणी. हजार लिटरला चांगल्या प्रतीचे अडीच ग्रॅम चूर्ण धरले तर सुमारे एकतीस ग्रॅम होते. हे नित्याचे प्रमाण झाले; पुराने घाण झालेल्या विहिरीला ते पुरत नाही, म्हणून तेथे जलसुरक्षक सांगेल ते प्रमाण घ्यावे. चूर्ण बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा व वरचे निवळ पाणी तेवढे विहिरीत सोडून ढवळावे. हे काम रात्री करावे, म्हणजे सकाळपर्यंत कोणी पाणी शेंदणार नाही. सकाळी जलसुरक्षक थोड्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून पाहतो. पाण्याला पिवळी छटा आली तर क्लोरीन शिल्लक आहे असे ठरते.

पाऊसकाळ सरला की फळीवरची मडकी खाली काढावीत. पूर आला नसेल तर उरलेला तांदूळ व डाळ दसऱ्यापर्यंत रोजच्या स्वयंपाकात खाऊन संपवावी, मडकी धुऊन आश्विनाच्या कडक उन्हात चार दिवस पालथी घालावीत. तोवर बांधीतले हलके धान कापणीस येते. नव्या तांदळाचा पहिला भात शिजला, त्या दिवशी त्यातील एक मूठ पुन्हा मडक्यात पडते.